‘आय थिंक’ आणि ‘मला वाटते’

समीक्षा लिहावयाची म्हणजे समोर एखादा छापील ग्रंथ हवा, त्याला नाव मिळवलेला लेखक हवा, आणि तो लेखक शक्यतो हयात नसावा, असा आपल्याकडे एक रूढ संकेत आहे. प्रस्तुत लेख या तिन्ही बाबतींत उणा पडणार आहे. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्या अठरा वह्या आहेत. दोनशे पानी, रेघांच्या, काहींच्या कोपऱ्यांना पावसाची ओल लागलेली. लेखकांची वये अठरा ते एकवीस. भाषा इंग्रजी, आणि तीही ठिकठिकाणी ठेचकाळणारी. तरीसुद्धा या वह्यांना वाङ्मयाची कसोटी लावून पाहावी, आणि फराळाच्या ताटाबरोबर ती वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले. कारण ज्या घरात हा अंक जाईल त्या घरात इंग्रजीची धास्ती घेतलेला एखादा तरुण किंवा एखादी तरुणी बहुधा असणारच.

या वह्या मलकापूरच्या. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघाले की आंबा घाट उतरण्याच्या आधी शाहूवाडी तालुक्यातले हे गाव लागते. एके काळी विशाळगड जहागिरीचे हे ठाणे. आज आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले एस.टी.ने येथे शिकावयास येतात. तेथे माझे एक स्नेही आहेत. आयुष्यभर शिक्षकी केली, आता निवृत्त आहेत. त्यांनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला कॉलेजात जाणाऱ्या काही मुलामुलींना एक व्रत दिले. रोज इंग्रजीत दहा ओळी लिहावयाच्या. विषय त्या दिवसाचा. वर्तमानपत्रात आला असेल तो, गावात निघाला असेल तो. शनिवारी सर्वांनी जमून आपापले आवडते पान वाचून दाखवावयाचे. दिवाळीपर्यंत वह्या भरत आल्या, तेव्हा त्या त्यांनी मुलांच्या संमतीने माझ्याकडे पाठवल्या आणि लिहिले, “चुका मी पाहिल्या आहेत. तुम्ही लेखन पाहा.”

ही सूचना मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे इंग्रजीच्या वहीतल्या चुका सारेच पाहतात. लेखन पाहणारा क्वचित भेटतो.

या वह्यांतील सर्वांत अधिक वेळा आलेला शब्दप्रयोग कोणता, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन: ‘आय थिंक’. पहिल्या महिन्यात तर जवळजवळ प्रत्येक पानाचा आरंभ त्यानेच होतो. आणि गंमत अशी की, ‘आय थिंक’ म्हणून जे काही पुढे येते ते बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला वाटलेले नसतेच. ‘आय थिंक ट्रीज आर अवर फ्रेंड्स.’ ‘आय थिंक मोबाइल इज अ गुड सर्व्हंट बट अ बॅड मास्टर.’ पर्यावरण, स्त्रीशिक्षण, समाजमाध्यमे, भ्रष्टाचार. विषय बदलतो, दिवस बदलतो, पण मत मात्र कुठल्या तरी सामाईक कोठारातून आणल्यासारखे एकाच मापाचे.

पावसावरचे पहिले पान याचा उत्तम नमुना आहे. मलकापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तो वर्णन करून सांगावा लागत नाही. न पाहिलेल्याला तो सांगून कळत नाही. सह्याद्रीच्या कुशीत बसलेल्या या मुलुखात जून-जुलै म्हणजे भाताची रोपलागण, चिखलाने भरलेली वाट, आणि ओढा चढला की घरी बसवणारा दिवस. पण अठरांपैकी चौदा वह्यांत मोर नाचतो, मुले कागदाच्या होड्या सोडतात, आणि कवी आनंदित होतात. त्या चौदांपैकी एकानेही त्या आठवड्यात कागदाची होडी सोडली असेल असे मला वाटत नाही. त्यांनी चिखलात रोपे लावली असतील. पण ते ‘निबंधात’ येत नाही, असे त्यांना कोणी तरी, कधी तरी, फार खोलवर शिकवून ठेवलेले आहे.

हा दोष त्यांचा नव्हे. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, आणि त्या पुस्तकांचे उपकार कोणी नाकारू नयेत. वाक्य कसे बसवावे, क्रियापद कुठे ठेवावे, हे त्यांनी घरोघर पोचवले. परंतु त्या पद्धतीत वाक्ये सुटी असतात. एकाला दुसऱ्याची ओळख नसते, आणि म्हणणाऱ्याला कशाचीच गरज नसते. पुढे मार्गदर्शके आली आणि निबंधही तयार मिळू लागले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवत. २००० सालापासून ते महाराष्ट्रात पहिलीपासून आले. म्हणजे मुलाच्या वाट्याला इंग्रजीची वर्षे वाढली. पण त्या वाढलेल्या वर्षांत त्याने स्वतःचे असे किती वाक्य बोलावे, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला दिसत नाही. आता तर खिशातले यंत्रच मागेल त्या विषयावर दहा निर्दोष ओळी लिहून देते. दोन वह्यांत अशी काही पाने मला आढळली. ती ओळखण्याला विद्वत्ता लागत नाही: त्यांत एकही चूक नसते, आणि एकही माणूस नसतो.

मग ही रोजच्या दहा ओळींची खटपट व्यर्थ म्हणावयाची काय? तसे मुळीच नाही. परंतु तिचे मर्म समजून घेण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. कारण परक्या भाषेत रोज आपले मत मांडण्याचा हा खटाटोप आपण एकटेच करीत नाही.

स्पॅनिश ही वीसएक देशांची भाषा. तीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही इंग्रजी हवे असते, आणि अनेक विद्यापीठांत तर पदवीसाठी त्याची ठरावीक पातळी गाठावीच लागते. त्यांनाही रोजच्या विषयांवर रोज थोडे इंग्रजी लिहावयास सांगतात. आपल्याला वाटते, ते युरोपीय भाषेचे लोक, लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. त्यांना इंग्रजी म्हणजे शेजारच्या आळीत जाण्यासारखे. ते काही अंशी खरेही आहे. पण शेजारच्या आळीतही माणूस वाट चुकतो. स्पॅनिशमध्ये ‘एम्बारासादा’ म्हणजे गर्भवती. इंग्रजीतला ‘एम्बॅरस्ड’ तिच्याच रूपाचा दिसतो म्हणून संकोचलेली एखादी मुलगी ‘मी एम्बारासादा आहे’ असे सांगून मोकळी होते, आणि मग खरोखरीच संकोचण्याची पाळी येते. आपल्याकडे तसाच घोटाळा ‘हॉटेल’ करते. वहीतला एक मुलगा लिहितो की, तो रोज स्टँडजवळच्या ‘हॉटेलात’ मिसळ खातो. मलकापुरात याचा अर्थ स्वच्छ आहे. पण लंडनच्या वाचकाला वाटेल की हा पोरगा रोज खोली भाड्याने घेऊन राहतो.

याहून महत्त्वाची गोष्ट शब्दांच्या पलीकडची आहे. भूक लागली तर इंग्रज म्हणतो, ‘आय अॅम हंग्री’: तो स्वतःच भुकेला होतो. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘तेंगो आंब्रे’: माझ्याजवळ भूक आहे. आपण म्हणतो, ‘मला भूक लागली’: ती कुठून तरी आली आणि मला लागली. इंग्रज चहा ‘लाइक’ करतो. तेथे आवडण्याचे काम तोच करतो. आपल्याला मात्र चहा आवडतो. काम चहाचे, आपण केवळ त्याचे धनी. आणि येथे स्पॅनिश अगदी आपल्या पंक्तीला येऊन बसते: ‘मे गुस्ता एल ते’, शब्दाला शब्द लावला तर ‘मला आवडतो चहा’. अर्जेंटिनात आणि चिलीत विद्यार्थी परीक्षा आपल्यासारखीच ‘देतात’; इंग्रज विद्यार्थी ती ‘घेतो’, म्हणून आपल्या मुलांचे ‘गिव्ह द एक्झाम’ त्याला उलटे वाटते. आणि मत? इंग्रजाचे ‘आय थिंक’. स्पॅनिश माणूस म्हणू शकतो, ‘मे पारेसे’. आपण म्हणतो, ‘मला वाटते’. दोन्हीकडे विचार आपल्याकडे येतो. आपण तो करतोच असे नाही.

भाषेच्या या बैठकीवरून लोकांच्या स्वभावाची अनुमाने काढण्याचा मोह मी आवरतो. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातून एक साधी गोष्ट निघते. ‘मला वाटते’ म्हणावयाचे तर आधी काही तरी वाटावे लागते. ‘आय थिंक’ हे मात्र पाठ करता येते. ते वाक्याच्या दारावर लावलेल्या पाटीसारखे आहे. आत बिऱ्हाड असो वा नसो, पाटी लटकत राहते. मलकापूरच्या चौदा वह्यांतला मोर त्या रिकाम्या घरात नाचतो आहे.

म्हणून या वह्यांना लावावयाची कसोटी मी अशी ठरवली: हे पान मराठीत असते तर मी ते वाचले असते काय? इंग्रजी किती बिनचूक, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही कसोटी माझ्या मनाची नाही; मराठी लेखनाच्या परंपरेतच ती आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, ते मराठी पत्रकारितेचे पहिले पाऊल, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या पत्राचे एका पानावर दोन उभे स्तंभ असत, एक मराठी आणि एक इंग्रजी, याकडे आपले दुर्लक्ष होते. साडेआठ वर्षे हा उद्योग चालला. तात्कालिक प्रश्नांवर विचार करावयाचा, आणि तो दोन भाषांत शेजारी शेजारी उभा करावयाचा. अशा मांडणीत लबाडीला वाव राहत नाही. एका स्तंभात जे पोकळ असेल ते दुसऱ्यात उघडे पडते. पुढे १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’ निघाले तेही दोन्ही भाषांत, आणि त्याची इंग्रजी बाजू न्यायमूर्ती रानड्यांनी सांभाळली. १८८८ मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’ आला, त्याच्या इंग्रजी लेखनाचा भार गोखल्यांनी उचलला. रानडे आणि गोखले या दोघांच्याही बालपणीच्या शिक्षणाची वाट कोल्हापुरातून गेलेली आहे, याचा मलकापूरकरांना अभिमान वाटावयास हरकत नाही. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये साक्ष देताना गोखल्यांची उलटतपासणी झाली. तेथे उभे राहावयाला पाठ केलेला निबंध उपयोगी पडत नाही. आपल्या देशाच्या खर्चाचे आकडे आणि त्यांवरचे आपले मत, हेच उपयोगी पडते. त्यांचे इंग्रजी चांगले होते, यात शंका नाही. पण ते इंग्रजी कशासाठी तरी होते.

या कसोटीवर सर्वच वह्या नापास झाल्या असत्या तर हा लेख लिहिण्याचे मला कारण नव्हते. जुलै संपता संपता काही पानांचा रंग पालटू लागतो. माझ्या स्नेह्यांनी तेव्हा एक युक्ती केली. विषय तेच ठेवले. पण ‘काल तुझ्या घरी’ एवढे दोन-तीन शब्द त्यांना जोडले. पाऊस, काल तुझ्या घरी. वन्यप्राणी, काल तुझ्या घरी.

एका मुलीने त्या दिवशी आपल्या आजीविषयी लिहिले. आजी इरले घेऊन लावणीला जाते. इरल्याला इंग्रजीत शब्द काय? कोशात नाही, यंत्रातही नीट नाही. बांबूच्या कामट्यांची आणि पानांची ती डोक्यापासून पाठीवर उतरणारी वस्तू इंग्रजांना कधी लागलीच नाही. मुलगी अडली, आणि मग तिने लिहिले: ‘माय ग्रँडमदर वेअर्स अ स्मॉल रूफ.’ माझी आजी एक लहानसे छप्पर अंगावर घालते. या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण ते बिनचूक आहे म्हणून मी त्याचे कौतुक करीत नाही. शब्द संपला तेथे या मुलीला डोळे वापरावे लागले. मराठीत तिने ‘इरले’ म्हटले असते आणि ती पुढे गेली असती. इंग्रजीने तिला थांबवले, आणि तिने आपल्या आजीकडे पुन्हा पाहिले. परकी भाषा माणसाला जे देऊ शकते त्यातले हे एक मोठे देणे आहे.

दुसरे पान गव्याचे. या तालुक्याच्या उत्तर अंगाला चांदोलीचे रान आहे, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. वन्यप्राणी या विषयावर एका मुलाने जूनमध्ये लिहिले होते की, आपण सर्वांनी प्राण्यांवर प्रेम केले पाहिजे. ऑगस्टमध्ये तोच मुलगा लिहितो: रात्री गवे शेतात आले. वडील आणि चुलते डबे वाजवीत बाहेर पळाले. बॅटरीच्या उजेडात गव्याचे डोळे दिसले, आणि तो जनावर म्हणून किती मोठा आणि किती देखणा होता. सकाळी पाहिले तर भात आडवा झालेला. वडील काही बोलले नाहीत. शेवटची ओळ आहे: ‘आय डोन्ट नो.’ मला माहीत नाही.

या पानात चुका सात आहेत, मी मोजल्या. काळ तीनदा बदलतो, ‘द’ जेथे हवा तेथे नाही आणि नको तेथे आहे. पण अठरा वह्यांतला पहिला खरा विचार मला येथे भेटला, आणि तो ‘आय थिंक’ने सुरू झालेला नव्हता. नुकसानही खरे आणि सौंदर्यही खरे, या दोहोंमध्ये उभा राहून तो मुलगा निर्णय देण्याचे नाकारतो. वर्तमानपत्रांतल्या कित्येक अग्रलेखांना एवढा प्रामाणिकपणा साधत नाही.

येथवर माझी कसोटी निर्वेध चालली. पण एका वहीने तिला धक्का दिला, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. त्या अनुषंगाने ‘मातृभाषा’ हा विषय वह्यांत आला आहे. बहुतेकांनी अभिमान व्यक्त केला, आणि तो रास्तच आहे. एका मुलीने मात्र लिहिले की, मातृभाषा म्हणजे जिच्यात आई मला ‘गप्प बस’ म्हणते ती भाषा. आई वाईट नाही, असेही तिने लगेच जोडले. आईलाही तिच्या आईने त्याच भाषेत गप्प बसवले होते. आणि पुढे: ही वही घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणून मी हिच्यात खरे लिहिते. नंतरच्या दोन पानांवर तिने जे लिहिले आहे ते मी येथे देणार नाही. ते तिचे आहे.

माझी कसोटी होती, हे मराठीत असते तर मी वाचले असते काय? या मुलीचे उत्तर असे की, हे मराठीत असूच शकले नसते. घरच्या भाषेत ‘मला वाटते’ म्हणावयाला घरात आधी जागा असावी लागते. ती सर्वांना, विशेषतः मुलींना, सारखी मिळालेली नाही. अशा वेळी इंग्रजीचा तो ताठ ‘आय’, वाक्याच्या अगदी पुढे, मोठ्या अक्षरात उभा राहणारा, तिला भिंतीसारखा वाटला नाही, खिडकीसारखा वाटला. ‘आय थिंक’ ही रिकाम्या घरावरची पाटी असते असे मी वर म्हटले. येथे त्या पाटीमागे कोणी तरी खरोखर राहावयास आले होते.

यावरून इंग्रजी हीच मुक्तीची भाषा, असा निष्कर्ष मी काढणार नाही. तसे असते तर उरलेल्या वह्यांतही ती मुक्ती दिसली असती. तीच भाषा, तोच ‘आय’, चौदा जणांच्या हातात उसना मोर झाला आणि एकीच्या हातात खिडकी झाला. फरक भाषेत नव्हता. सांगण्यासारखे काही सांगण्याची गरज कोणाला होती, यात होता. आणि तिने जे लिहिले ते एक दिवस तिला मराठीत, घरात, मोठ्याने म्हणता यावे, अशी इच्छा केल्यावाचून राहवत नाही. दुसरा स्तंभ कोरा आहे तोवर तिचे पान अर्धेच राहणार.

भाषा गरजेने येते याची साक्ष आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘पगार’ आणि ‘पाव’ हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. पैसे ‘पागार’ करणारा आणि ‘पान’ खाणारा स्पॅनिश विद्यार्थी मलकापूरच्या बाजारात आला, तर या दोन शब्दांशी तो क्षणभर थबकेल. हे शब्द आपल्या पूर्वजांनी वहीत दहादा घोटले नव्हते. महिन्याच्या शेवटी पैसे हवे होते, आणि चहात बुडवावयाला काही तरी हवे होते.

तेव्हा रोजच्या दहा ओळींच्या या उपक्रमाविषयी माझा अभिप्राय असा. तो चांगला आहे, आणि अधिक गावांत व्हावा. पण विषय पहिल्या पानावरच्या बातमीतून न घेता उंबऱ्याच्या आतून घ्यावा, आणि मग बातमीपर्यंत जावे. लाल शाई आठवड्यातून एकदाच काढावी. उरलेले दिवस वाचणाऱ्याने समासात फक्त एक प्रश्न लिहावा, ‘मग काय झाले?’ आणि महिन्यातून एकदा एका पानाचे दोन स्तंभ करावे, ‘दर्पण’सारखे. जे मराठीत लिहिताना लाज वाटेल इतके पोकळ आहे ते इंग्रजीतूनही काढून टाकावे. आणि जे मराठीत लिहावयास भीती वाटेल इतके खरे आहे, ते इंग्रजीत जपून ठेवावे.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुले घरी येतील. त्यांच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याचा मोह घरातल्या वडीलधाऱ्यांना होईल. चार पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ असेही म्हटले जाईल. त्याऐवजी त्यांना आपल्या भाषेत विचारून पाहा, “तुला काय वाटते?” आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. ते उत्तर ज्याला देता आले, त्याचे ‘आय थिंक’ फारसे चुकणार नाही.